झाकणातल्या चार ओळी

बाबा, हे पत्र मी लिहून नाही राहिली, बोलून राहिली. लिहून राहिली ती माझी नात, पोराची पोरगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सालात आहे. तिले मराठी सारी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. अक्षरं दोन्हीची एकच आहेत म्हणते, म्हणून आमचं जमलं. तिले बजावून ठेवलं आहे की मी बोलीन तसंच टाकायचं, मधात आपली हुशारी घालायची नाही. तुम्ही गेले तेव्हा माझे केस काळे होते अन् आता ही पोट्टी म्हणते, "आजी, तुम्हारे सिर पे तो कपास उग गया." इतक्या वर्षांनी मेलेल्या बापाले पत्र लिहायचं म्हणजे काही कारण पाहिजे. कारण तुमची पेटी आहे.

भनपुरीच्या तुमच्या बॅटरीच्या दुकानातली ती पेटी मी आजही डोळे मिटून उघडीन. ट्रक कुठं रस्त्यात बंद पडला की क्लीनर धावत यायचा. तुम्ही पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधायचे अन् पुढं दांडीवर मले बसवायचे. बॅटरी पाहायले एवढीशी पोट्टी आली म्हणून ड्रायव्हर हसायचे, तं तुम्ही म्हणायचे, "हँसो मत भैया, मशीन झूठ बोलेगी, इसकी नाक नहीं बोलेगी." वासावरूनच बिघडलेली बॅटरी ओळखायची मी, म्हणून फुगायची. पेटीत एकेका वस्तूले तिचा तिचा खण होता. डाव्या हाताले काचेची पिचकारी, जिच्यात बॅटरीचं पाणी ओढून पाहायचं; आतल्या कांडीवर पट्टे होते, हिरवा वर आला की भरली, लाल दिसला की रिकामी. मधात पाण्याची बाटली, ब्रश, पाना, ग्रीसची डबी. उजव्या हाताले चिमट्यांच्या तारा, लाल वर अन् काळी खाली. दुकानातल्या बॅटरींले तुम्ही धागे बांधायचे. भरलेलीले लाल, रिकामीले निळा, जिचा आतला एखादा खण मेला तिले पांढरा. कोणती कोणाची हे मी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ध्यानात ठेवायची. एकदा मी चिमटे उलटे लावले, ठिणगी उडाली अन् माझी भुवई जळली. तुम्ही एक ठेवून दिली अन् मग स्वतःच माझ्या भुवईले खोबरेल लावत बसले. तेव्हा वाटायचं की आपल्या बापानं आपल्यासाठी सारं असं मांडून ठेवलं आहे की आपल्याले कुठं अक्षराचं कामच पडू नये. किती माया! असंच वाटायचं, बाबा. आत्ताआत्तापर्यंत असंच वाटत होतं.

इथल्या हिंदी शाळेत मी गेली होती थोडे दिवस. टाटपट्टीवर बसायचो, बहनजी फळ्यावर लिहायची अन् छडीनं दाखवायची. मले तिथं बरं वाटून राहिलं होतं. त्याच दिवसात आईले बाळंतपणाचं दुखणं लागलं, ती खाटेवरून उठेना, अन् तुम्ही मले दुकानात बसवलं. दोन दिवस म्हणून बसवलं, त्याचे पंधरा झाले. मग एका संध्याकाळी मी विचारलं, बाबा, शाळेत कधी जाऊ? तुम्ही हात पुसत होते. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हटलं, "बहनजी म्हणते, हिच्या डोक्यात अक्षर टिकत नाही. घरीच ठेवा." मी रडली नाही. लहान पोराले कोणी म्हटलं की तुले ताप आहे, तं त्याले खरंच हुडहुडी भरते. तसं तुम्ही म्हटलं अन् माझं डोकं मठ्ठ झालं. त्याच क्षणी झालं अन् मग तसंच राहिलं.

पेटी तुम्ही त्यानंतरच बनवली, खोक्याच्या फळ्या रंधून. झाकण आतून खडबडीत राहिलं होतं. तुम्ही खिशातून एक घडी केलेला कागद काढला अन् म्हटलं, चिकटवायची लई शिजव अन् हा आतून लाव. मी मैद्याची लई केली, गुठळी होऊ दिली नाही, कागद पसरला, मधातून कडेकडे बोटं फिरवून हवा काढली. एक सुरकुती नव्हती. मग विचारलं, यावर लिहिलं काय आहे? तुम्ही म्हटलं, बॅटरीची रीत लिहिली आहे. मी म्हटलं, सांगा ना. चार ओळी होत्या. तुम्ही माझं बोट तुमच्या हातात धरलं अन् ओळीवर ठेवलं. पहिली ओळ, आधी वरून पुसून घ्यायची. दुसरी, भरताना टोपणं ढिली ठेवायची. तिसरी, जवळ आगकाडी ओढायची नाही. चवथी, गरम बॅटरी थंड बॅटरीजवळ ठेवायची नाही. मी पाठ केलं. त्यानंतर जेव्हा झाकण उघडलं, तेव्हा एकेका ओळीवर बोट ठेवून मी ते म्हणायची. साऱ्या दुनियेत मले वाचता येत होतं ते तेवढंच.

अन् जयंतीले विहारात तुम्ही भाषण करायचे. सारा पारा, सारी वस्ती जमायची. भोंग्याले बॅटरी लागायची, ती रात्रीपासून मी भरून ठेवलेली. मंचाच्या मागं ताडपत्रीवर मी बॅटरीजवळ बसायची, मधातच आवाज बसू नये म्हणून. समोर तुम्ही कडक इस्त्रीच्या सदऱ्यात म्हणायचे, "पोरींले घरी बसवू नका. पोरगी शिकली तं घर शिकलं." टाळ्या पडायच्या. मीही वाजवायची. शेजारच्या घरातल्या तिघी बहिणी तुमच्याच बोलण्यानं शाळेत गेल्या. त्यातली एक पुढं नर्स झाली. त्यांचा बाप पाया पडायला आला होता तुमच्या. मी चहा दिला. मले एकदाही वाटलं नाही की हे भाषण माझ्यासाठीही असू शकते. माझं डोकंच तसं, त्याले तुम्ही तरी काय करणार, असं मी तुमच्याकडून मलेच समजावून सांगायची.

लग्नात तुम्ही मले पेटी दिली. म्हटलं, ही तुझीच आहे. सासरी त्यात सुईदोरा अन् बटणं गेली. बाईच्या सुईदोऱ्याच्या पेटीचं झाकण कोण कायले वाचते? कागदही धुरानं, ग्रीसच्या हातानं तपकिरी झाला होता. पोराच्या शाळेतून बोलावणं आलं की मी शेजारणीले धाडायची. नवरा चांगला होता, म्हणाला होता एकदा, बस, शिकवतो तुले. मी म्हटलं, राहू द्या, माझ्या डोक्यात टिकत नाही, बहनजीनंच सांगितलं होतं. तो मानला. तुमचं बोलणं मी असं घरोघर वाटत फिरली, बाबा. फुकट.

आता आमच्या चौबे कॉलनीतल्या घराची गोष्ट ऐका. ही नात विमानं उडवते. खरी नाही, फोमची, हातभर पंखांची, खालून रिमोटनं चालवायची. त्यांले चपट्या बॅटऱ्या लागतात, चिवड्याच्या पुड्यासारख्या, अन् बिघडल्या की पुड्यासारख्याच फुगतात. साऱ्या घरात बॅटऱ्या. फ्रिजवर एक, देवळीत एक, चार्जर जेवणाच्या टेबलावर अन् तारांचा असा गुंता की मले वाटलं नूडल्स सांडले. एक दिवस माझ्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीले टेकून एक बॅटरी फुगत बसलेली दिसली. मी म्हटलं, "पोट्टी, लोणचं मुरते तशी ही पण मुरवून राहिली काय?" म्हणाली, "आजी, केस बनाना है, टाइम नहीं मिल रहा." तिच्या कॉलेजच्या पोट्ट्यांनी बनवलेल्या पेट्यांचे फोटो दाखवले मोबाइलवर. चार्जर आत बसवलेला, पंखा लावलेला, तारा मागून काढलेल्या, उचलली की चालले मैदानावर. मी पाहिलं अन् म्हटलं, अशी तं माझ्या खाटेखाली आहे.

बटणं पिशवीत गेली अन् पेटी टेबलावर आली. महिनाभर आम्ही दोघी लागलो. तिनं खालच्या खणात पावर सप्लाय बसवला, त्याच्या बाजूले गोल भोक पाडून पंखा, वरच्या फळीवर चार्जर. बॅटऱ्यांच्या खणाले सिमेंटच्या पातळ शीटचं अस्तर, पेटलीच तं लाकडाले लागू नये म्हणून. मी म्हटलं, पंखा वारा फेकते तिकडे बॅटरी कायले ठेवतेस, गरम हवा तिच्याच तोंडावर जाईल. तिनं पंखा फिरवला. मी म्हटलं, भरलेली अन् रिकामी एका खणात नको, लाल अन् निळा धागा बांध. तिनं बांधला. मग ती मले सांगत बसली की या बॅटरीत आत तीन-तीन खण असतात अन् चार्जर एकेक खण अलग पाहून सारखा भरते. मी म्हटलं, "त्यात काय नवं? आमच्या ट्रकच्या बॅटरीत सहा असायचे. एक कमजोर राहिला की बाकीचे पाच त्याच्यापायी मरतात. प्रत्येकाचं पाणी अलग पाहावं लागते." ती पाना हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिली. "आजी, ये हमको थर्ड ईयर में पढ़ा रहे हैं. तुमको किसने बताया?"

मी ऐटीत म्हटलं, "माझ्या बाबानं. सारी रीत लिहून ठेवली आहे झाकणात. पूस अन् वाच. चवथ्या ओळीत पाह, गरम बॅटरीचं आहे." मी बोट ठेवून दाखवलंसुद्धा. तिनं ओल्या फडक्यानं हलकेच पुसलं, मोबाइलचा लाइट मारला, अन् ओठ हलवत वाचलं. मग परत वाचलं. मी म्हटलं, काय झालं, शाई उडाली काय? म्हणाली, "आजी, इसमें बैटरी का कुछ नहीं लिखा."

मग तिनं मोठ्यानं वाचलं. मले एका ऐकण्यात पाठ झालं, जसं सारंच होते. "बच्ची पंद्रह दिन से नहीं आई है. बहुत होशियार है, सबसे पहले अक्षर पहचानने लगी थी. कृपया इसकी पढ़ाई मत छुड़ाइए. कल से ज़रूर भेजिए." खाली बहनजीची सही. वर तुमचं नाव, अन् कागदातली बच्ची म्हणजे मी.

मी पाणी प्यायली. पोट्टीले म्हटलं, तुझा स्क्रू खाली पडला, उचल. ती रडून राहिली होती, मलेच तिले गप करावं लागलं.

तुमची बाजू मी मांडून पाहिली, बाबा. आई खाटेवर होती, दुकान एकट्यानं चालत नव्हतं, माझे हात कामाचे होते. एवढं सरळ बोलले असते, की पोरी, मले तू दुकानात पाहिजे, तं मी हसत दुकानात बसली असती. शाळा गेली याचं दुःख मी अर्धंच धरते. त्या काळात किती जणींची गेली. पण तुम्ही बहनजीच्या तोंडून खोटं बोलले. अन् त्या बाईचं खरं माझ्याच हातानं, माझ्याच लईनं चिकटवून घेतलं. कागद फाडून टाकता आला असता. चुलीत टाकता आला असता. तुम्हाले माहीत होतं, मी त्याच्यासमोर रोज उभी राहिली तरी तो माझ्यासाठी कोराच आहे. बोट धरून बापानं लेकराले चार ओळी वाचायला शिकवल्या अन् चारही खोट्या. ट्रकवाल्यांसमोर माझ्या नाकाची तारीफ करत होते, ते नाक तुमच्या खोट्याचा वास नाही घेऊ शकलं. बापाचा वास कोणी घेत नाही ना.

पोट्टी म्हणाली, कागद काढून फ्रेम करू. मी म्हटलं, काही गरज नाही, झाकणालेही सिमेंटची शीट लागते ना, ती मार वरून. तिनं सहा स्क्रू मारले. आता तो कागद आत आहे अन् वर पांढरी शीट. पेटी झाली मस्त. परवा मैदानावर घेऊन गेली, झाकण उघडं ठेवून बॅटऱ्या भरल्या, तं साऱ्या पोट्ट्यांनी गराडा घातला म्हणे. कोणी विचारलं, ये लेआउट किसका है? तिनं माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, आजी इंजिनिअर आहे म्हणूनही सांगायचं होतं.

इथपर्यंत लिहून झालं अन् मी तिले म्हटलं, आता वाचून दाखव. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाले असं म्हटलं; आजपर्यंत लोकांनी जिथं म्हटलं तिथं अंगठा लावला. तिनं वाचलं. एका जागी मी थांबवलं. मी म्हटलं होतं, तुम्ही मले फसवलं. तिनं टाकलं होतं, तुमच्याकडून चूक झाली. "आजी, वो तुम्हारे बाबा हैं, अच्छा नहीं लगता." मी म्हटलं, तुले नसन लागत, मले लागते. खोड अन् लिही. तिनं खोडलं. तुम्ही मले फसवलं, बाबा. आता लिहिलं आहे म्हणते. मी त्यावर बोट ठेवून पाहिलं, शाई ओली होती.

हे पत्र कुठं जायचं नाही. तुम्ही जिथं आहे तिथं डाक जात नाही अन् माझ्या पोराच्यानं हे वाचवलं जाणार नाही, तो तुमचा फार लाडका होता. नातीच्या वहीतच राहील. एक गोष्ट मात्र मी तिले खोटी सांगितली, ती तिच्याच हातानं लिहून घेते, लिही पोट्टी, तोंड पाहू नको. ही रोज म्हणते, आजी, चलो, मैं सिखाती हूँ, एक महीने में पढ़ने लगोगी. मी म्हणते, डोळे गेले, आता कायले. डोळे चांगले आहेत माझे, सुईत दोरा आजही मीच ओवते. मले भीती वाटते, बाबा. बसली शिकायले अन् खरंच नाही टिकलं, तं तुम्ही खरे ठराल.