अनकम्फर्टेबलचे पाच तुकडे

नाशिक,
१४ जून १९७९

प्रिय अक्का,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे मजेत. बाळाला दात आलाय, म्हणून तो दिसेल त्याला चावत सुटलाय. दाजींची बदली चांदवडहून नाशिकला झाल्याचं वाचलं आणि मी स्वयंपाकघरातच नाचले.

आता मामंजींची गंमत ऐक. मॅट्रिकच्या इंग्रजीत मी दोनदा गटांगळ्या खाल्ल्या, तुला ठाऊकच आहे. यंदा तिसरी खेप. लांब शब्द दिसला की माझी दातखीळच बसायची. एकदा भाकऱ्या थापता थापता 'अनकम्फर्टेबल'वर अडले. मामंजी ऐकत होते. म्हणाले, "एका घासात कशाला गिळतेस? विहारात मी वंदना तोडून सांगतो ना, तसं तोड. मी म्हणतो, तू मागं म्हण."

अन, कम, फर, टे, बल. सासरे पुढे, सून मागे, आणि तव्यावर भाकरी करपतेय!

संध्याकाळच्या वर्गात बाईंनी पुढचं उलगडून दाखवलं. तोंडाला तुकडे पाच, पण अर्थाला तीनच. सुरुवातीचा 'अन' म्हणजे नाही, शेवटचा 'एबल' म्हणजे जोगं, आणि मधे आराम. मग मला नादच लागला, दिसेल तो शब्द तुकड्यातुकड्याला टाळी देत तोडायचा.

पौर्णिमेला मामंजींचा घसा बसला, तर वंदना सांगायला त्यांनी मलाच पुढे केलं. सवयीने मी तुकड्यातुकड्याला टाळी दिली आणि अख्खा विहार टाळ्या वाजवू लागला. म्हाताऱ्या कुसाबाई म्हणाल्या, "आत्ता कुठं माझी जीभ वळली बघ." मामंजी रुमालात तोंड लपवून हसत होते.

पेपरात 'अनथिंकेबल' आला. जन्मात न पाहिलेला. दोन्ही टोकं काढली, तर मधे ओळखीचा 'थिंक' बसलेला.

अक्का, मी पास झाले.

हे पहिल्याच ओळीत लिहिणार होते, पण हात धजेना. आई गेल्यावर तू सहावीतून शाळा सोडलीस, चूल सांभाळलीस, म्हणून माझी शाळा चालू राहिली. मामंजींनी पेढा भरवला तेव्हा मला तूच आठवलीस आणि रडू कोसळलं.

पुढच्या महिन्यापासून नव्या बायकांचा वर्ग मी घ्यावा, असं बाई म्हणतात. मी हो म्हटलंय. तू ये. वय झालं म्हणू नकोस. दाजींना मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस, नुसतं सांग. पहिल्या बाकावर मी दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
आणि आलीस तर तुझी बाई,
लता