वाघाचं तोंड कुणी खाल्लं?

सांगली, मंगळवार

मित्रवर्य सुभेदार उदयसिंह यांस,

जवाहरचा सांगलीहून जयजिनेंद्र. तुझा गुडघा आता कसा आहे? मनुवहिनींना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. आक्काताईला (आई माझी, पण अख्खी गल्ली तिला याच नावानं हाक मारते, म्हणून मीही) शहाऐंशीवं लागलं. ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं.

सांगलीत मामांकडे शिकून तू फौजेत गेलास, तेव्हा कॉमिक्सची पेटी माझ्याकडे ठेवलीस. गेल्या महिन्यात ती साताऱ्याला नेलीस आणि दुसऱ्याच दिवशी फोनवर "पेटी राखायला दिलती रं, चारायला न्हवं!" एवढंच ओरडून फोन ठेवलास. मग तीन अंक पार्सलनं आले, सोबत चिठ्ठी : कारणं शोध, मगच बोलू. चाळीस वर्षांची दोस्ती तीन कव्हरांवर टांगलीस गड्या. पण माणूस योग्य निवडलास. मी मार्केट यार्डात जन्मभर हळद पारखली. पोत्याला ओल गोदामात लागली की वाटेत, हे मी डाग बघून सांगतो. कव्हर तरी काय, छापलेलं पोतंच.

जादूगाराचा अंक घे. पिनांभोवती तांबूस डाग आहेत, तो गंज. गंज आला ओलीनं आणि ओल आली तुझ्या एनसीसीच्या रेनकोटातून, जो तू भरतीच्या घाईत ओलाच पेटीच्या तळाशी कोंबलास. पिनेलगतची ती पांढरी रेघ वेगळी. कव्हर पार मागं दुमडून वाचलं की घडीवरचा रंग तडकतो. असं दुमडून, भूगोलाच्या पुस्तकात दडवून, वर्गात कोण वाचत होतं ते इथं लिहीत नाही. (पत्र नातवंडांच्या हाती पडलं तर?)

दुसऱ्या अंकावर पिवळा अंगठा आहे. पिवळं दिसलं की तुम्ही लोक हळद म्हणणार आणि हळद म्हटलं की जवाहर. खरं सांगतो, क्षणभर मीही घाबरलो. पण हळद उन्हात उडते. बाकीचं कव्हर झाकून (ऊन छापील रंगालाही सोडत नाही) तेवढा अंगठा दोन दिवस उन्हात धरला. पिवळं गेलं, खाली तेलाचा ठसा राहिला. यार्डातल्या कोरड्या हळदीला तेल नसतं, म्हणजे हे तेल-हळदीत परतलेले चुरमुरे, भडंग! त्यातही लसणाचं (तळलेली कणी अजून चिकटलेली आहे), आणि आमच्या घरात लसूण उंबरा ओलांडत नाही. दर शनिवारी पुडा घेऊन कट्ट्यावर कोण बसायचं?

राहिला वाघ. त्याचं अर्धं तोंड गेलंय. कडेला दातांच्या खुणा नाहीत, म्हणून उंदीर नव्हे. रंगाचा थर खरवडून निघालाय आणि खालचा कागद पांढरा दिसतोय. ही कसर. रुपेरी, पळणारी, कागदाची खळ आवडीनं खाणारी. ही निसर्गाची करणी, तिथं दोष कुणाला देणार? थोडक्यात, दोन कव्हरं तुझी, एक निसर्गाचं, मी मोकळा. राग सोड आणि रविवारी ये. शेंगापोळ्या करायला सांगितल्या आहेत.

तुझा निर्दोष मित्र,
जवाहर

ता. क. तू खोदून विचारणारच, म्हणून लिहितो. पोथ्यांच्या कपाटात कसर निघाली तर आक्काताई ती मारू देत नाही. मऊ कुंचल्यानं वाटीत घेते आणि "परड्यात सोडून ये रं, जीव हाय त्यो" म्हणत वाटी माझ्या हाती देते. परडं चाळीस पावलांवर. तुझी पेटी जिन्याखाली, चार पावलांवर, आणि तिचं झाकण नीट बसत नव्हतं. हे अडतीस वर्षं चाललं.

दुसरा ता. क. हे तिला कळू देऊ नकोस, एवढं माझ्यासाठी कर. तिच्या मते ते सगळे जीव जास्वंदीखाली सुखात आहेत. खरं कळलं तर ती माझ्या पापापायी उपवास धरेल, आणि या वयात तिला तो झेपायचा नाही. रविवारी तिनं कव्हरांचं विचारलंच तर सगळं रेनकोटानं झालं म्हण.

तिसरा ता. क. आत्ताच वाघाच्या अंकातून एक जिवंत कसर निघाली. आक्काताईनं ती पाहिली आणि वाटी हातात दिली. पण गुडघे आता माझेही दुखतात आणि या पत्राचं पाकीट दोन पावलांवर उघडंच पडलं होतं. तू हे वाचतोयस म्हणजे पाकीट फोडलंस. आधी पेटीचं झाकण लाव.