पुलापलीकडची खोली

लिमरिक
६ मे १९९१

प्रिय फर्गल,

तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत, तूही तिकडे पर्थला बरा असशील. ब्रीडाचा खोकला एकदाचा गेला. माझी पाठ आहे तशीच आहे, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही राहिलेलं नाही. आई खातेपिते. ऊन असलं की खिडकीत बसून नदीवरचे राजहंस बघते आणि त्यांना नावं ठेवते.

जूनमध्ये येतोयस हे वाचून आनंद झाला. फोनवर सविस्तर बोललो असतो, पण फोन अजून जिन्याखालीच आहे आणि आईचे कान तुला माहीत आहेत. 'माझी जुनी खोली झटकून ठेव' असं तू लिहिलंयस, त्याबद्दलच लिहायला बसलो.

तुझ्या जुन्या खोलीत हल्ली आई झोपते. तिला जिना झेपत नाही, आणि खालच्या मजल्यावर झोपायला तेवढीच एक खोली आहे. वरची तिची खोली रिकामी आहे खरी, पण तिथे भिंतीला ओल येते. आता हे लिहिताना ब्रीडा माझ्या खांद्यावरून वाचतेय. "कुठली ओल?" म्हणाली. माझ्या बायकोला सगळंच दिसत नाही. शिवाय स्वयंपाकघर वरच्या खोलीच्या बरोबर खाली, आमची पहाटेपासून भांडी वाजतात. तू इतक्या लांबून येणार, तुझी झोप होणार नाही.

तेव्हा राहण्याचं म्हणशील तर मी थोडी चौकशी करून ठेवली आहे. तू गेलास तेव्हाचं गाव आता राहिलं नाही. पाहुण्यांचे थवे येतात, गळ्यात कॅमेरे अडकवून किल्ल्याच्या भिंती चाचपतात. सार्सफील्ड पुलाजवळ मोठं हॉटेल आहे, पण शनिवारी तिथे लग्नाच्या पार्ट्या असतात आणि पहाटेपर्यंत पाहुणे जिन्यात बसून गातात. ओ'कॉनेल रस्त्यावरची जुनी हॉटेलं तुला आवडणार नाहीत. पडदे उघडले की समोर बँक दिसते. तुला लहानपणापासून पाण्याकडची बाजू लागते, जेवायला बसतानासुद्धा. मी नेहमी भिंतीकडे तोंड करून जेवायचो, त्यामुळे ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

म्हणून मला वाटतं, तू मिसेस किनानकडे उतरावंस. थॉमंड पूल ओलांडला की किल्ल्याच्या कडेला तिचं घर आहे. बाई स्वच्छ आहे, फार बोलत नाही, सकाळी अंडी आणि सॉसेजसारखं ते काळं पुडिंग नीट करते. वरची खोली नदीवर उघडते. तिथून आमचं दारसुद्धा दिसतं. चालत येशील तर चहा निवायच्या आत पोचशील.

आईला तू येणार म्हणून सांगितलं. तिनं चांगले कप काढायला लावले. ते कपाटात होते हेच मला ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं कान तुटलेल्या कपातून पितो.

मिसेस किनानला कळवू का ते लिही.

तुझा,
मॅलकी


लिमरिक
२८ मे १९९१

प्रिय फर्गल,

तुझं पत्र वाचलं. ब्रीडानंही वाचलं आणि माझ्या बशीशेजारी ठेवून दिलं. आई बरी आहे. हवा दमट आहे.

'नऊ हजार मैलांवरून आईकडे यायचं आणि पैसे देऊन परक्या घरी झोपायचं, हे कुठल्या शहाण्याला सुचलं' असं तू विचारलंयस. मला सुचलं. आणि ओल बघायला स्वतः हात लावून पाहीन असंही लिहिलंयस. तसदी घेऊ नकोस. ओल नाही.

आता खरं काय ते लिहितो. ब्रीडा म्हणते, "तू लिही, नाहीतर मी लिहिते, आणि मी लिहिलं तर जास्त लागेल."

आई मला फर्गल म्हणते.

गेल्या थंडीत सुरू झालं. मी तिच्या पायात मोजे चढवत होतो. ती म्हणाली, "फर्गल, हात किती गार रे तुझे." मला वाटलं जीभ घसरली असेल. तिची जीभ तुझ्याकडे नेहमीच घसरायची. दुसऱ्या दिवशी दुधात पाव कुस्करून नेला, वर साखर घातली, तर म्हणाली, "माझा फर्गल माझं किती करतो." मी सांगितलं, "आई, मी मॅलकी." ती हसली. "थट्टा पुरे. मॅलकीचे केस काळेभोर आहेत," म्हणाली. मी आरशात जाऊन पाहिलं. सगळे पांढरे. तिचं चूक नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, वाद घालू नका. ब्रीडा म्हणते, "हाक मारली की ओ द्यायची. तुझं काय जातं?"

काय जातं ते तुला सांगतो. मी तिला उचलून बसवतो, केस विंचरतो, तोंड पुसतो, आणि शाबासकी तुला मिळते. नाताळात तुझं कार्ड येतं, त्यावर समुद्र आणि तुझी नवी गाडी, आणि ती ते छातीशी धरून बसते, ते एक वेळ मी समजून घेत होतो. दूरच्याचं कौतुक कुठल्या घरात नसतं. पण आता जवळच्याचंही तूच घेतोस. तू तिकडे समुद्रात पोहत असतोस तेव्हाही इथे माझ्या हातानं तूच तिची सेवा करतोस.

बाबा गेले त्या वर्षी मी गोदीत लागलो आणि तू कॉलेजात गेलास, याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. आताही काढत नाही. फक्त लिहिण्याच्या ओघात आलं.

खरी गोष्ट अजून पुढेच आहे. ती लिहिताना मला माझीच लाज वाटते. तुझ्या नावानं का होईना, ती माझ्याकडे बघून हसायला लागली आहे. असं ती माझ्याकडे पूर्वी कधी हसली नव्हती. मला ते आवडतं. आता तू दारात उभा राहिलास, खरा फर्गल, तर माझ्याजवळ ते उसनं नावही उरणार नाही. मग मी या घरात कोण? पोती वाहणारा गडी.

म्हणून म्हटलं, पुलापलीकडे राहा. दुपारचा ये, भेट, जा. रात्री आणि सकाळी तिचा फर्गल मला राहू दे.

हे वाचून तू हसलास तरी चालेल. पण इथे आल्यावर हसू नकोस.

मॅलकी


लिमरिक
२१ जुलै १९९१

प्रिय फर्गल,

सुखरूप पोचल्याची तार मिळाली. इकडे सगळं ठीक आहे. मिसेस किनान विचारत होती, तुमचे भाऊ पोचले का. तुझा पायजमा तिच्याकडे राहिला होता, तिनं धुऊन इस्त्री करून पाठवला. माझे पायजमे आजवर कुणी इस्त्री केले नाहीत.

तू माझं ऐकलंस आणि तिथे उतरलास, त्याबद्दल आपण दोघे काहीच बोललो नाही. बाकीच्याबद्दलही बोललो नाही. तू इथे होतास तेवढे दिवस आपण रग्बीवर बोललो, भरती-ओहोटीवर बोललो, आणि मी तुला तोंडावर सांगायचं ते सगळं राहून गेलं. म्हणून हे पत्र.

तू पहिल्यांदा आलास त्या दुपारी मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबलो होतो, हे तुला दिसलं असेल. मी मुद्दाम थांबलो होतो. मला तिचा चेहरा बघायचा होता. तुला पाहून तो कसा उजळतो ते एकदा डोळ्यांनी बघावं आणि विषय संपवावा, असं मी ठरवलं होतं. तुझा काळा कोट पावसानं भिजला होता. केस तुझे अजून काळे आहेत, रंगवतोस की काय ते मी विचारणार नाही. आणि ती तुझ्याकडे बघून म्हणाली, "मॅलकी. आलास का रे बाळा?"

मी ट्रे घट्ट धरला.

तू तिची चूक सुधारशील असं मला वाटलं होतं. तू फक्त माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग ती तुला रागावायला लागली. "गोदीतून सुटलं की सरळ घरी यायचं. मी इथे जीव मुठीत धरून बसते. किती भिजलायस बघ. बूट काढ आधी." आणि तू खाली बसून निमूटपणे बूट काढलेस. म्हणालास, "फार नाही भिजलो, आई."

मग ती माझ्याकडे वळली. "फर्गल, तू उभा काय राहिलास? भावाला टॉवेल दे. दिवसभर राबून आलाय तो. तो राबतो म्हणून तू पुस्तकं उघडून बसू शकतोस, हे विसरू नकोस."

ते शब्द तू ऐकलेस. ते मी चुकीचे ऐकले नाहीत ना, हे विचारायला माझ्याजवळ तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

मी टॉवेल आणायला आत गेलो. ब्रीडानं माझ्याकडे पाहिलं आणि नळ सोडला, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून. नळ सोडून ती बराच वेळ एकच बशी घासत राहिली. "तिला माहीत होतं," एवढंच मी म्हणालो. ब्रीडा म्हणाली, "मग टॉवेल ने. तो भिजलाय."

तो टॉवेल तुला देताना माझ्या मनात काय होतं ते लिहितो, कारण आपण आता लपवाछपवी करण्याच्या वयाचे नाही. मला तुझा इतका हेवा वाटला की टॉवेलाचं दुसरं टोक मी लवकर सोडलंच नाही. तू फर्गल होतास तेव्हा वाटला त्याहून कितीतरी जास्त. ते शब्द ऐकायला मी जन्मभर तिच्या आसपास वावरलो, आणि ते पडले तुझ्या पदरात. ते ऐकताना तुझा चेहरा पडला, हेही मी पाहिलं. आपल्या दोघांनाही त्या दिवशी दुसऱ्याचं पत्र उघडून वाचल्यासारखं झालं असेल.

नंतर तू रोज त्याच वेळेला, गोदी सुटायच्या वेळेला, पुलावरून चालत यायला लागलास. मी तुला तसं कर म्हणालो नव्हतो. ती खिडकीत बसून पुलाकडे डोळे लावायची. मी शेजारी बसायचो. "तो येताना दिसतोय का रे, फर्गल?" विचारायची. मी म्हणायचो, "दिसतोय, आई. किल्ल्यापर्यंत आलाय." स्वतःला पुलावरून घरी येताना मी असं खिडकीतून पाहिलं. मी बरा दिसायचो, हे सांगायला हरकत नाही. जरा खांदे पाडून चालायचो.

शॅननच्या विमानतळावर तू विचारलंस, "शेवटच्या दिवशी तिनं माझ्या कानात काहीतरी सांगितलं. ते तुझ्यासाठी आहे. सांगू?" मी म्हणालो, "तुला सांगितलंय ना, मग तुझ्यापाशीच ठेव." तू बॅग उचललीस आणि गेलास. बसमधून घरी येताना मी स्वतःला शिव्या घातल्या. पण त्या क्षणी दुसरं काही माझ्या तोंडातून निघालंच नसतं.

तू गेल्यापासून ती रोज विचारते. संध्याकाळ झाली की सुरू होते. "मॅलकीला आज उशीर झाला." "गोदीत काही झालं तर नाही ना?" "फर्गल, जा, पुलापर्यंत जाऊन बघून ये." मी जातो. पुलाच्या मध्यावर उभा राहून खालचं पाणी बघतो आणि परत येतो. सांगतो, "जहाज आलंय, त्याला थांबावं लागलं."

परवा मी एक वेडेपणा केला. माझा जुना गोदीतला कोट माळ्यावरून काढला, टोपी घातली. दोन्ही नळाखाली धरून ओले केले आणि पुढच्या दारानं आत आलो. बूट वाजवले. म्हणालो, "आई, मी आलो." तिनं मान वर करून नीट पाहिलं. रागावली नाही, उलट मायेनं बोलली. "फर्गल, हा मॅलकीचा कोट आहे. ओला कशाला केलास? खुंटीला लाव, तो येईपर्यंत वाळेल."

मी लावला.

डॉक्टर म्हणतात, ही थंडी ती काढेल की नाही सांगता येत नाही. मी उगाच घाबरवत नाही, त्यांनी म्हटलं तसं लिहितोय. तुला सुट्टी पुन्हा इतक्यात मिळणार नाही हे मला कळतं. तरी मागतो. सप्टेंबरात ये. मिसेस किनानला मी कळवणार नाही. इथेच राहा, वरच्या खोलीत. ब्रीडा तिथे नवे पडदे लावतेय. सकाळी उठून ती तुलाच हाक मारेल, मॅलकी म्हणून, आणि मी दाराआडून ऐकेन. मला हेवा वाटेल. तो जाणार नाही, या वयात तो कुठे जाणार. तू त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

मी दिवसभर तिच्या उशाशी असतो, फर्गल, आणि ती माझी वाट बघते. तिला मी आणून देऊ शकत नाही. तू देऊ शकतोस.

आणि तिनं कानात काय सांगितलं, ते आलास की सांग. पत्रात लिहू नकोस. तुझ्या तोंडून ऐकेन.

वाट बघतोय.

तिचा फर्गल,
तुझा मॅलकी