टीव्हीशेजारचा थिरथिरा

१० मार्च, भोर
काचेवर धप्प! थिरथिरा आपटला. मूठभर जीव, शेपूट विटकरी, सारखी थरथरतेय. बनाबाई भांडी टाकून धावल्या, पदरात घालून आणला. "पंक दुकावलाय बाई. पानी पाजा." धाकट्या बहिणीच्या, भार्गवीच्या खोलीत पोपटाचा जुना पिंजरा होता, त्यात ठेवला. तिला कापूरहोळच्या फाट्यावर एसटीत बसवलं, त्यानंतर त्या खोलीत आज पहिल्यांदा आवाज झाला.

१३ मार्च
उन्हाळा लागला की हा उत्तरेला जातो. संध्याकाळी त्या बाजूला उड्या मारत राहतो. म्हणून पिंजऱ्यात रांगोळी पसरली, ठशांवरून दिशा कळेल. निवृत्त झाले तरी मास्तरकी सुटत नाही!
डोळ्यात प्रकाशकण शिरतो, इलेक्ट्रॉनची जोडी फुटते, आणि त्या दोघांना पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं. त्यातून पाखराला दिशा दिसते म्हणे. बारावीला लेझर शिकवताना मी सांगायचे — एका प्रकाशकणाचे दोन होतात. इथं उलटंच. एक कण येतो नि दोघांना वेगळं करतो. आमच्याकडे तो कण नाशिकहून आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न केलं हो धाकट्या बहिणीनं!

२१ मार्च
पंख बरा झाला, खोलीभर उडाला. पिंजरा आता बैठकीत, टीव्हीशेजारी. टीव्ही दिवसभर चालूच असतो, माणसांचे आवाज तरी येतात. पण ठसे चहूकडे! दिशा हरवलेलं पाखरू सोडू कसं?
बनाबाई म्हणतात, "त्याला वाट ठावं हाय. तुमी दार उगडा की!"
यांना फार कळतं!

२५ मार्च
ठसे चहूकडे. भार्गवीचा फोन. घेतला नाही.

२ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. तो धड खात नाही. दिवेलागणीला लाईट गेले, टीव्ही बंद. थोड्याच वेळात सगळ्या उड्या एका बाजूला — उत्तर! बनाबाई बघतच राहिल्या. "टीवी गप झाला नि पाखरू सुदीवर आलं बगा!"
योगायोग, म्हटलं. लाईट आले. टीव्ही लावला.

३ एप्रिल
खोटं लिहीत होते. स्वतःच्या वहीत! तेराला रांगोळीत सगळे ठसे उत्तरेलाच होते. यंत्रांच्या लहरींनी पाखरांची दिशा बिघडते, हे मी वाचलेलं होतं. म्हणून तर चौदाला पिंजरा टीव्हीशेजारी नेला. भार्गवीलाही लग्नाआधी अशीच दोन महिने अडवली होती, तिच्याच दुखऱ्या गुडघ्यांची भीती घालून.
संध्याकाळी दार उघडलं. गेला.
टीव्ही लावलेला नाही. भार्गवीला फोन लावतेय.