सकाळचं शून्य

४ फेब्रुवारी

गेल्या तपासणी शिबिरातल्या बसवाल्या काकांचा रक्ताचा रिपोर्ट आला. दोन्ही किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात! आणि आमच्या यंत्राने त्यांना हिरवा दिवा दाखवला होता. मीच हसत म्हटलं होतं, "काका, ठणठणीत आहात."

सुई न टोचता, नुसतं नळीत फुंकून किडनीचा आजार ओळखायचा, एवढं एकच काम आहे त्या डब्याला. तेही जमू नये? पहिल्या वर्षी तर एकही पेशंट सुटायचा नाही.

५ फेब्रुवारी

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! "महिनाअखेरपर्यंत बघू. असंच राहिलं तर शिबिरं बंद," एवढंच म्हणाल्या. यंत्राचा प्रोग्राम लिहिणारा आमचा कोडवाला मान खाली घालून नखं खात बसला.

८ फेब्रुवारी

कोडवाल्याने मॉडेल पुन्हा शिकवलं. शेकडो माणसांचे श्वास, हा आजारी, हा बरा — सगळं परत यंत्राच्या गळी उतरवलं. मग किडनीची औषधं चालू असलेल्या एका आजींना बोलावलं. त्यांनी फुंकलं. हिरवा!

आजी अशा काही खूश झाल्या! "बघ, मला काही झालेलंच नाही. आता गोळ्या बंद." त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. ऐकलं की नाही देव जाणे. घरी जाऊन खरंच बंद केल्या तर?

९ फेब्रुवारी

सकाळी यंत्र सुरू केलं की आधी एका निरोगी माणसाने फुंकायचं. तो श्वास यंत्र शून्य धरतं आणि बाकीच्यांना तिथून मोजतं. सगळ्यांच्या आधी मीच येते, म्हणून पहिल्यापासून हा मान माझा. तेव्हा माझं रक्तही तपासलं होतं — एकदम स्वच्छ. त्यावरून कोडवाला मला 'शून्यताई' म्हणतो, मेला.

आज म्हणाला, "शून्यताई, इथे तुम्ही तेवढ्या भरवशाच्या. बाकी सगळा आनंदीआनंद आहे." जरा बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

तोंडाला सारखी लोखंडासारखी चव. जेवण जात नाही. आई म्हणाली, "आरशात बघ, चेहरा सुजलाय. त्या डब्यापायी जीव देणार आहेस का?" चपलाही घट्ट व्हायला लागल्यात. काळजीने लोक सुकतात, मी फुगतेय! माझं सगळंच उलटं.

१४ फेब्रुवारी

आज आणखी एक पेशंट सुटला. हिरवा!

१७ फेब्रुवारी

गेले नाही. उठवेचना. आईने चपला उचलून कपाटात टाकल्या आणि किल्ली कमरेला लावली. दिवसभर जीव त्या डब्यात अडकलेला.

संध्याकाळी कोडवाल्याचा फोन. ओरडतच होता. "ताई, जमलं! आजींना लाल, काकांना लाल, धडधाकट माणसांना हिरवा. एकही चुकला नाही! डॉक्टरबाई चक्क हसल्या!"

मी रडलेच. हुंदके देऊन. "अरे पण केलंस काय?"

"काहीच नाही, शप्पथ. मॉडेल तेच, नळी तीच. आज तुम्ही नव्हता, म्हणून सकाळी मी फुंकलं, एवढंच."

फोन ठेवला. आईला सांगितलं, शिबिरं वाचली. ती म्हणाली, मग आता दोन घास खा. ताटावर बसले. त्याचं शेवटचं वाक्य परत आठवलं. ताट सारून आरशासमोर जाऊन उभी राहिले.

१८ फेब्रुवारी

सकाळी कोडवाल्याला म्हटलं, "आजही तूच फुंक." तो काही विचारणार होता, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने नळी उचलली आणि फुंकलं. मी रांगेत उभी राहिले. पुढे बसवाले काका. मागे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला रांगेत?"

यंत्र अगदी बरोबर चालतंय. मला लाल दाखवला.