हार्दिक श्रद्धांजली

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार, १७ ऑगस्ट १९९९

प्रिय ताई,

तर काल फोनवर तू विचारलंस, "पण तो बॅनर लिहिला कोणी?" आणि मी म्हटलं, बाबा आले, ठेवतो. बाबा आले नव्हते. बाबा बँकेत होते.

बाकी इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, तेल लावते आणि मला ओरडते. भावोजींना नमस्कार, सृष्टीला पापा. आपली शकुबाई उद्या सकाळच्या एसटीने नांदगावला भावाकडे चाललीय, गुरुवारी परत येणार. हे पत्र तिच्या हातात देतोय आणि उत्तरही तिच्याच हातात दे, प्लीज. पोस्टाने वेळेत येणार नाही. फोन आपल्या हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये आई आहे. मला शुक्रवारच्या आत तुझं उत्तर हवंय.

शुद्धलेखनाला हसू नकोस. तू शाळेत पोरांना मराठी शिकवतेस. मला कॉन्व्हेंटमध्ये घालताना कोणी विचारलं नव्हतं.

ढुंढीकाका गेले तेव्हा तुला येता आलं नाही, म्हणून सांगतो. ताई, एवढी गर्दी मी कुंभमेळा सोडून कधी पाहिली नाही! हायकोर्टाचा जज गेला म्हणून भाजी मार्केट बंद राहतं का कुठे? राहिलं. मळेवाले ट्रॅक्टर भरभरून आले. बायका रडत होत्या, ज्यांनी काकांना फक्त पेपरात बघितलं असेल. आणि सगळ्यांच्या पुढे आमदारसाहेब, अनवाणी. ज्यांना काकांनी जूनमध्ये चौकशीला बोलावून दोन तास उभं केलं होतं, तेच. बाबा माझ्या कानात म्हणाले, "इलेक्शनला चार आठवडे आहेत, चपला आता मतमोजणीनंतरच."

ती चौकशी तुला माहितीये. मळ्यांची जमीन सरकारने 'सार्वजनिक वापरासाठी' घेतली आणि ती फिरून आमदारांच्या मेव्हण्याच्या सोसायटीला मिळाली, तीच. काकांचा रिपोर्ट हाताने लिहून पूर्ण झाला होता. टायपिंग राहिलं, सही राहिली, आणि आठ तारखेला काका गेले. आता सगळ्या गावाला दोनच प्रश्न पडलेत. त्यात काय लिहिलंय आणि तो आहे कुठे? कुठे आहे ते मला माहितीये. सुधाकाकूंच्या कपाटात, पैठणीच्या खाली.

आता जीवनबद्दल. तू त्याला भेटली नाहीस. माझ्याच वर्गात आहे, लॉच्या तिसऱ्या वर्षाला. मखमलाबादकडे त्याच्या वडिलांचा, पुंजारामबाबांचा, झेंडूचा मळा आहे. त्यांची जमीन त्या भानगडीत नाही, पण शेजारपाजारच्या सगळ्यांची आहे. काका मुंबईहून आले की रविवारी सकाळी आम्हा पाच-सहा पोरांना व्हरांड्यात बसवून केसेस समजावायचे. पोहे, चहा आणि कायदा. मी एकही रविवार चुकवला नाही. मला वाटायचं मीच त्यांचा फेवरेट. बाबांचे मित्र, लहानपणापासूनची ओळख, शिवाय माझं इंग्लिश सॉलिड.

पण मला ते 'बेटा' म्हणायचे आणि जीवनला 'वकीलसाहेब'.

एकदा मी विचारलंच. म्हणाले, "बेटा, तू प्रश्न विचारतोस तेव्हा उत्तर तुला आधीच माहीत असतं. तो विचारतो तेव्हा त्याला खरंच माहीत नसतं." सगळे हसले. जीवनही हसला. यात कौतुक कोणाचं होतं, ते मला दोन वर्षं कळलं नाही. म्हणजे कळलं होतं.

काका गेल्यावर मी तीन दिवस बसून भाषण लिहिलं. शोकसभेत विद्यार्थ्यांतर्फे कोणीतरी बोलणार, हे ठरलेलं होतं. अडीच पानं. पहिल्यांदा इंग्लिशमध्ये, मग मराठीत. ते घेऊन काकूंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, "जीवन बोलेल रे. ह्यांना ते आवडलं असतं. तू खुर्च्यांचं बघशील ना?"

ताई, खुर्च्या!

मी म्हटलं, हो काकू.

बॅनरचा मजकूर जीवनने कागदावर लिहिला. त्याला मळ्यातून फुलं आणायची होती म्हणून तो कागद कारभारी पेंटरकडे मी नेऊन दिला. मग शनिवारी सभा झाली.

हॉल गच्च. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास. स्टेजवर काकांचा फोटो, त्याला जीवनच्या आईने, साळूबाईंनी, स्वतः ओवलेला हार. आणि मागचं कापड सोडलं. पिवळ्यावर काळी अक्षरं: न्यायमूर्ती ढुंढिराज शिखरे यांना हार्दिक श्रद्धांजली.

मला तर छान वाटला. खरंच सांगतो. मी दोन मिनिटं बघत उभा होतो.

मग पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मागून आवाज आला, "अरे, वाढदिवस आहे का?" कुजबुज वाढली. काकूंनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. आणि आमदारसाहेब उठले. माइक हातात घेतला आणि एकदम हळू आवाजात बोलले, जणू त्यांनाच लागलंय.

"स्वागत हार्दिक असतं. अभिनंदन हार्दिक असतं. शुभेच्छा हार्दिक असतात. मयताला हार्दिक म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय. कोणाला आनंद झालाय, बंधूंनो? मी नाव घेणार नाही. पण रिपोर्ट कोणाच्या विरोधात जाणार होता, ते आज त्यांनीच कापडावर लिहून दिलंय."

बघ ना, काय डोकं! रिपोर्ट यांच्याच विरोधात जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि एका शब्दावर त्यांनी तो मळेवाल्यांवर फिरवला. कारभारीला पुढे ओढलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मला काय ठावं साहेब? जीवनभाऊंचा निरोप होता, हार्दिक करा म्हणून."

सगळा हॉल जीवनकडे वळला. जीवन माझ्याकडे बघत होता. मी एक खुर्ची सरळ करत होतो.

काकू उठून निघून गेल्या. त्याचं भाषण झालंच नाही. रविवारी पेपरात फोटो, तो तू बघितलासच. आता कॉलेजात पोरं त्याला 'ए हार्दिक' म्हणतात. ज्या वकिलांनी त्याला ज्युनिअर म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, त्यांनी "सध्या राहू दे" असा निरोप पाठवला. साळूबाई फुलं घेऊन मार्केटला गेल्या तर कोणीतरी म्हणालं, "आली हार्दिकची आई." आणि शेजारचे मळेवाले पुंजारामबाबांशी बोलत नाहीत. म्हणतात, तुमच्या पोराने आमचा घात केला.

हे सगळं सांगताना मी एक गाळलं. तुला कळलंच असेल. लहानपणी मी जे गाळायचो ते तू बरोबर पकडायचीस.

कागदावर 'भावपूर्ण' होतं.

मी स्कूटर थांबवून तो वाचला. त्याचं अक्षर सुंदर आहे, मराठी शाळेतलं, तुझ्यासारखं. आणि माझ्या खिशात माझी अडीच पानं होती, ज्यातला एक शब्दही कोणी ऐकणार नव्हतं. 'भावपूर्ण' मला एकदम ग्रीटिंग कार्डासारखं वाटलं. मनात म्हटलं, इंग्लिशमध्ये कसं म्हणतात, मनापासून, हृदयापासून. हृदयावरून हार्दिक. किती मस्त शब्द! रोज सगळीकडे लिहिलेला असतो, त्यामुळे बरोबर असणारच. तो कुठे लिहिलेला असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की त्या कापडावर एक शब्द माझा असावा. एकच.

हे इथपर्यंत चूक म्हणून चालेल ना? तू वर्गात हसून लाल पेनाने गोल केला असतास. पण पुढचं ऐक.

कारभारीने कागद बघितला, मग माझ्याकडे. म्हणाला, "हार्दिक? दादा, नक्की ना? कागदावर तर भावपूर्ण हाय."

मी म्हटलं, "चेंज केलंय."

"कुणी?"

माझं नाव सांगितलं असतं तर त्याने केलं नसतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून मी म्हटलं, "जीवनने. त्याचाच निरोप आहे."

"मंग ठीक," तो म्हणाला. "जीवनभाऊ शिकलेला माणूस हाय."

मग मी कोण आहे, ताई?

आणि अजून एक. सभेत सगळे त्याच्याकडे वळले तेव्हा मला भीती वाटली, घाम फुटला, सगळं झालं. पण त्या सगळ्याच्या खाली, अगदी थोडंसं, मला बरं वाटलं. हे मी कोणालाच सांगू शकत नाही. म्हणून तुला.

रविवारी संध्याकाळी तो घरी आला. आईने त्याला चहा दिला, तो प्यायला, आईशी मळ्याबद्दल बोलला. मग आम्ही गेटपाशी आलो.

"हार्दिक तुझंच ना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "मला वाटलं बरोबर आहे."

"ते मला ठाऊक हाय रे. तू मुद्दाम असलं नाय करणार, तुला तेवढं मराठी येत नाय." आणि तो हसला! खरंच हसला. मग म्हणाला, "पण निरोप माझा म्हणून सांगितलंस, ते?"



"तू तिथेच का नाही बोललास मग?" मी उलट त्यालाच विचारलं. असा मी.

तो म्हणाला, "बोललो असतो तर लोक काय म्हणले असते? मळ्यातलं पोरगं आपलं पाप बँकवाल्यांच्या पोरावर ढकलतंय. माझं कोण ऐकणार? तुझं ऐकतील. म्हणून तू सांग. मी नाय सांगणार." सायकलवर टांग टाकली आणि गेला. ना शिवी, ना धमकी. ताई, मला त्या क्षणीसुद्धा त्याचा राग आला. किती नीट मांडलं त्याने! काका असते तर खूश झाले असते.

मी ठरवलं, काल सकाळी काकूंना जाऊन सांगायचं. शप्पथ, ठरवलं होतं. पण त्याआधी काकूंचाच फोन आला, ये म्हणून.

त्या व्हरांड्यात एकट्याच बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमदारांचा तीनदा फोन येऊन गेला. म्हणे गाडी पाठवतो, कागद द्या, आम्ही पोचवतो. मी नाही म्हणाले. मीच शुक्रवारी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाते आणि चौकशीच्या सेक्रेटरींच्या हातात देते, पोच घेते. जीवनला नेणार होते सोबत. आता त्याचं नावही नको वाटतं." मग माझा हात धरला. "तू येशील का रे माझ्याबरोबर?"

मी 'हो' म्हटलं. त्यांचं वाक्य संपायच्या आधी.

त्यांनी कपाट उघडून मला फाइल दाखवली. काकांचं अक्षर, हिरव्या शाईत. वाचायला नाही दिली, फक्त हातात दिली. जड आहे. मी ती धरून उभा होतो आणि मी म्हटलं, "काकू, तिकिटं मी काढतो."

काढली पण. दोन सीट्स, एक खिडकीची.

आता माझं लॉजिक ऐक. रिपोर्ट पोचला तर मळेवाल्यांचं काम होईल, जीवन असो वा मी असो. आत्ता सांगितलं तर काकू कोसळतील. आम्हा पोरांपैकी कोणावरच विश्वास नको म्हणून आमदारांच्या गाडीला हो म्हणाल्या तर? म्हणजे आत्ता गप्प बसणं हे जीवनच्याच लोकांच्या फायद्याचं आहे. आधी रिपोर्ट पोचवायचा, मग शनिवारी परत आल्यावर शांतपणे सगळं सांगायचं. किती पर्फेक्ट बसतं ना? मी चार वेळा तपासलं, कुठेच फट नाही. आणि फट नाही म्हणूनच मला भीती वाटतेय.

कारण शनिवारी काय असेल? फोटोग्राफर स्टेशनवर येतील. पेपरात येईल की सुधाताईंबरोबर तरुण कार्यकर्ता धवल. ते वकील कदाचित मलाच बोलावतील. काकू दर रविवारी पोह्यांना बोलावतील. मला जे जे हवं होतं ते सगळं माझ्याकडे असेल, आणि जीवन मार्केटमध्ये आईच्या टोपल्या उचलत असेल.

गुरुवारी शकुबाई संध्याकाळच्या एसटीने येते, त्या वेळी काकूंचं घर उघडं असतं. तू 'जा, सांग' लिहिलंस तर मी जाईन. पण तू लिहिलंस म्हणून गेलो तर ते माझं सांगणं झालं का, तेही मला माहीत नाही. म्हणून तुला 'काय करू' असं विचारत नाही. तू मला जन्मापासून बघतेस. खरं सांग, चांगलं वाटावं म्हणून लिहू नकोस: शनिवारी मुंबईहून आल्यावर मी सांगेन, असं तुला वाटतं का?

धवल