श्वास घ्यायच्या जागा

४ जानेवारी

वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तेव्हा मला कवितेच्याही आधी ऐकू यायचा तो पोरांचा श्वास. ओळ संपली की पुढची उचलण्याआधी अख्खा वर्ग एकदम श्वास घ्यायचा; शिडात वारा भरावा तसा आवाज. फळा सुटून इतकी वर्षं झाली, तरी पुष्कळदा त्याच आवाजानं जाग येते. आज नव्या जागेत आली.

जागा झकास आहे. प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला खोली, पूर्वेला खिडकी, खाट, टेबल आणि भिंतीपलीकडे ससे. त्यांना चारा घालायचा, पिंजरे धुवायचे, एवढंच काम. लेक फोनवर कडाडली, की बाबा, जन्मभर पोरांच्या चुका काढल्यात, आता सशांच्या लेंड्या काढणार का? मी म्हटलं, लेंड्यांना लाल शाई लागत नाही. ती हसली नाही. तिची आई गेल्यापासून मी रिकाम्या घरात भिंतींना कविता ऐकवत होतो, हे तिला कुठं ठाऊक आहे.

इथल्या प्रमुख डॉक्टरबाई चटपटीत आहेत. केसांत पेन खोचतात आणि मग सगळीकडे पेन शोधतात. त्यांनी काम समजावलं. फरशी, काचा, न्हाणीघर पुसताना लोक ज्या बाटल्या फुसफुसवतात, त्यातला तुषार महिनोन्महिने छातीत गेला तर काय होतं, ते पाहायचं आहे. निम्मे ससे दुपारपर्यंत फवाऱ्याच्या खोलीत, निम्मे तशाच दुसऱ्या खोलीत पण स्वच्छ हवेत. संध्याकाळी सगळे एकाच दालनात.

१९ जानेवारी

दर आठवड्याला एकेका सशाला काचेच्या पेटीत बसवून त्याचा श्वास मोजतात. पडद्यावर रेघ उमटते, डोंगर आणि दऱ्या. ससा घाबरला की रेघ पिसाळते. आज करड्या मिशांचा एक (मी त्याला हेडमास्तर म्हणतो) पेटीत थरथरत होता. माझ्या तोंडून सहज निघालं:

नदीपल्याड गाव निळे,
गावामध्ये झाड खुळे,
झाडावरती एक पान,
वाऱ्यापाशी मागे दान.

लहानपणीच्या पुस्तकातली कविता. कवीचं नाव विसरलो, कविता नाही. हेडमास्तर निवांत झाला. रेघ इतकी सुरेख आली की बाई म्हणाल्या, मास्तर, तुम्हालाही यंत्राला जोडूनच ठेवते. आता रोज संध्याकाळी दालनात वर्ग भरवायची परवानगी मिळाली आहे. सगळी नाकं माझ्याकडे वळतात. ओळ संपली की सगळ्या बरगड्या एकदम फुगतात. खोटं सांगत नाही.

१० फेब्रुवारी

वर्ग सुटला की नातीचा फोन. तिला आम्ही ठकी म्हणतो. आजोबांची कविता ऐकल्याशिवाय ती उशीला डोकं टेकत नाही. मग तीच कविता ती आईकडूनही म्हणवून घेते. आज तिनं विचारलं, हेडमास्तर छड्या मारतो का? मी सांगितलं, त्याच्या हातात छडी मावत नाही.

१७ मार्च

फवाऱ्यातल्या सशांचा श्वास आखूड झाला आहे. ओळ संपेपर्यंत त्यांना दम धरवत नाही. मधेच थांबतात, दोनदा हुंगल्यासारखं करतात, मग उरलेला श्वास घेतात. पाहवत नाही. म्हणून मीही ओळ मधे तोडू लागलो. नदी— पल्याड— गाव निळे. वर्गातल्या सर्वांत मागं पडलेल्या पोराच्या चालीनं वर्ग चालवायचा, ही माझी जन्माची सवय. स्वच्छ हवेतले ससेही बिचारे समजूतदार. तेही तिथंच थांबतात.

तोंडात तीच चाल बसली आहे. ठकीला फोनवर ऐकवतानाही तशीच येते. तिला भारी गंमत वाटते.

२२ एप्रिल

बाई चिंतेत आहेत. स्वच्छ हवेतल्या सशांच्या रेघाही बसत चालल्या आहेत. त्यांनी नळ्या तपासल्या, चारा तपासला, यंत्रवाल्याला बोलावून त्याच्याशी भांडल्या. तो म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, तुमचे ससेच नाटकी आहेत.

काल त्यांतला एक मेला. बाईंनी त्याची छाती उघडून पाहिली. फुफ्फुसं गुलाबी, नितळ, कुठं डागसुद्धा नाही. त्या कितीतरी वेळ हातमोजे न काढता बसून होत्या. म्हणाल्या, जणू याला कुणी पुरता श्वास घ्यायची मनाई केली होती.



९ मे

जिन्यावर मधेच थांबावं लागतं. दोन आखूड, मग एक उरलेला. बाईंनी मला नळीत फुंकायला लावलं. म्हणाल्या, छाती स्वच्छ आहे मास्तर, माझ्याहून बरी.

स्वच्छ आहे. त्या सशाचीही होती.

मी वर्ग बंद केला.

१२ मे

आज दालनात गप्प उभा राहिलो. शब्द नाही, खाकरणं नाही. तरी सगळे पिंजरे एकदम— दोन आखूड. थांबणं. एक उरलेला. कवितेच्या चालीत. माझ्याशिवाय.

बाईंना आणून ऐकवलं. आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. प्रयोग लवकर गुंडाळू, म्हणाल्या, सगळ्यांना झोपेची सुई देऊ. तुम्ही लेकीकडे जा.

जावंसं वाटलं. सामान आवरायला घेतलं.

१३ मे

ठकीनं आज स्वतः कविता म्हणून दाखवली. नदी— पल्याड— गाव—

मी म्हटलं, सलग म्हण, बाळा. तिला येईना. लेकीनं फोन घेतला. आठवडाभर पोरगी अशा धापा टाकतेय, डॉक्टर म्हणतात छाती स्वच्छ आहे, शाळेतलं काहीतरी खूळ असेल.

खूळ शाळेतलं नाही. मी शिकवलंय. रोज संध्याकाळी, लाडानं.

तिला सलग ओळ ऐकवायला हवी. एकदा नीट ऐकली की सुधारेल. चारदा प्रयत्न केला. माझ्याच छातीत पुरी ओळ मावत नाही.

सामान परत काढून ठेवलं. तिच्यापासून लांब राहायचं. पोरं विसरतात. सुट्टीनंतर सगळा धडा पुसलेला असायचा, तेव्हा किती वैतागायचो मी. विसर, ठकी. सगळं विसर.

फोन बंद केला.

२० मे

सुया सुरू झाल्या. हेडमास्तरला मीच मांडीवर धरलं. करड्या मिशा हलल्या. दोन आखूड. मग थांबला.

तो उरलेला श्वास— माझ्या छातीत वाट बघत राहिला.

२४ मे

दालन रिकामं. पिंजरे धुतले. बाई घरी गेल्या. जाताना पायरीवर मधेच टेकल्या. दोन आखूड, मग एक उरलेला.

फोन बंदच. अकरा दिवस. ठकी विसरली असेल. नक्की— विसरली असेल.

२५ मे

दारावर थाप. इथं कुणी येत नाही.

लेकीचा आवाज. बाबा, फोन का बंद, जीव घाबरा झाला, निघून आले. ठकी झोपत नाही. तुम्हीच एकदा म्हणा, म्हणजे शांत होईल. उघडा ना.

ठकी आहे. दारापलीकडे. ऐकू येतेय— दोन आखूड—

बोलायचं नाही. बोललो तर ऐकेल. कडी लावून दाराला पाठ टेकलीय. लिहितोय.

कागद फाडून लिहिलं. तिला घेऊन जा— लांब— माझा आवाज— ऐकू देऊ नको. दाराखालून सरकवला.

लेक वाचतेय. मोठ्यानं. ठकीला ऐकवत.

तिला घेऊन जा—

थांबली. लिहिताना मी थांबलो होतो, तिथंच. दोन आखूड. आता ठकीही तिच्याबरोबर— एकदम—

लांब—

अगं, वाचू नको, मनातसुद्धा नको, दे तो कागद इकडे, दे, मी